पडद्याखालचा तांबडा उजेड

१

मुलांनो, डोळे मिटू नका, उघडेच ठेवा. पण जरा माझ्याबरोबर चला. समजा, तुम्ही अकरा वर्षांचे आहात आणि खोपोलीच्या बाजारात, श्रीपतशेठच्या औषधांच्या दुकानात उभे आहात. साल असेल एकोणीसशे पंचाहत्तरच्या आसपासचे. वार सोमवार. बाहेर ऊन रणरणते आहे. दुकानात औषधांचा कडवट वास आहे, डोक्यावर पंखा गरगरतो आहे. कोपऱ्यात जाड हिरवा पडदा आहे आणि त्यावर पाटी आहे: ‘वजन मोफत. फक्त स्त्रियांसाठी.’

तुमच्या हातात शेजारच्या मावशीची पिशवी आहे. मावशी पडद्याआड गेली आहे. तुम्हाला तिची फक्त पावले दिसतात. ती पावले काट्यावर चढतात. ‘खट्’ असा आवाज होतो. आणि पडद्याखालून फरशीवर तांबडा उजेड सांडतो. मावशीच्या टाचा तांबड्या होतात.

मग पावले खाली उतरतात. उजेड जातो. मावशी बाहेर येते, तेव्हा तिच्या तोंडावरचा रंग गेलेला असतो.

“काय झालं गं मावशे?” तुम्ही विचारता.

“काय नाय. चल.”

हे सगळे शकूने पाहिले होते. मावशी म्हणजे चंद्राबाई, शकूच्या चाळीतली, कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या भाजणारी. त्यानंतर महिनाभरात चंद्राबाई अर्धी झाली. बायका म्हणाल्या, “बारीक झालीस गं, छान दिसतीस.” चंद्राबाई हसायची; पण हसताना तिचा हात थरथरायचा.

एका सकाळी नळावर हंडा उचलता उचलता ती खाली बसली. हंडा गडगडत गटारापर्यंत गेला. ती पुन्हा उठली नाही.

तिच्या पदराच्या गाठीत कागदाची पुडी निघाली. पुडीत बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्या पाहिल्या, आणि लगेच औषध खात्याला फोन लावला. कारण तसल्याच गोळ्या घेतलेली आणखी एक बाई आठवड्यापूर्वी त्यांच्याकडे आली होती. ती थोडक्यात वाचली होती.

म्हणजे अशा बायका आणखी होत्या. किती, ते कुणालाच ठाऊक नव्हते.

२

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, औषध निरीक्षक सुनीती गुप्ते चाळीत आल्या. मूळच्या कर्जतच्या. बांधा अगदी किरकोळ, डोळ्यांना जाड चष्मा. शकूच्या आईने, विठाबाईने, त्यांना सतरंजी घातली.

“चंद्राबाईंबरोबर दुकानात कोण जायचं?”

“ही जायची की, आमची शकू,” विठाबाई म्हणाली. “बोलती लई, पण खोटं नाय बोलत.”

सुनीतीबाईंनी पुडी पुढे ठेवली. “या गोळ्या वाईट नाहीत, विठाबाई. गळ्यात एक ग्रंथी असते. ती ज्याची मंद चालते, त्याला या गोळ्या जीवदान देतात. पण धडधाकट माणसानं घेतल्या तर शरीराची चूल भडकते. वजन उतरतं, आणि काळीज धावत सुटतं. चंद्राबाईंचं काळीज मुळात अशक्त होतं.”

“चिठ्ठी व्हती तिच्याकडं. फणसे डॉक्टरांची.”

“होती ना. दुकानदारानंही चिठ्ठी बघूनच गोळ्या दिल्या. तिथवर सगळं कायद्यात बसतं.”

“मग गुन्हा कसला?”

“हे बघा. लठ्ठपणावर हे औषध घ्या, असं लोकांना जाहिरातीतून सांगायला कायद्यानं बंदी आहे. चोपन्न सालचा कायदा आहे. डॉक्टरानं सांगायचं नाही, दुकानदारानं नाही, कंपनीनंही नाही. का? तर डॉक्टर नाडी बघून औषध देतो. जाहिरातीला नाडी बघता येत नाही. ती धडधाकट बाईलाही तेच सांगते आणि अशक्त काळजाच्या बाईलाही तेच.” त्यांनी चष्मा पुसला. “महिन्याभरात इथल्या कितीतरी बायका याच गोळ्या मागायला लागल्या. मी सकाळपासून हिंडतेय. भिंतीवर जाहिरात नाही. वर्तमानपत्रात नाही. सिनेमाच्या तंबूत नाही. मग या सगळ्यांना सांगितलं कुणी? आणि एकही बाई बोलत का नाही?”

“वजनाचं कोण बोलंल, बाई?” विठाबाई म्हणाली. “वजन सांगितलं की नजर लागती. आन् जाड म्हटल्यावर तर तोंड शिवलेलंच बरं.”

तेव्हा शकू हळूच म्हणाली, “तिथं उजेड लागतो.”

“कुठे?”

“पडद्याआड. तांबडा. चंद्रामावशी काट्यावर चढली तवा लागला. आय चढली तवा नाय लागला.”

“तुमचं वजन चंद्राबाईंपेक्षा कमी?” सुनीतीबाईंनी विठाबाईकडे पाहिले.

विठाबाई तोंडाला पदर लावून हसली. “माझ्यात दोन चंद्रा मावल्या असत्या, बाई! फुकट हाय म्हणून गेले व्हते बेस्तरवारी. काटा फिरला, मी उतरले. बाकी काय नाय.”

सुनीतीबाई हसल्या नाहीत. जाड बाईला उजेड नाही आणि तिच्यापेक्षा बारीक बाईला उजेड? “शकू, उद्या माझ्याबरोबर येशील?”

शकूने मान हलवली. पण त्याच संध्याकाळी, पेटीतून गोधडी काढताना, तिच्या मोठ्या बहिणीच्या, सुंदराच्या, घडी केलेल्या पोलक्यातून काहीतरी खाली पडले. कागदाची पुडी. बारीक पांढऱ्या गोळ्या.

मागे सुंदरा उभी होती.

“दे इकडं.”

“आक्का, चंद्रामावशी याच—”

“तिला आधीपासून आजार व्हता.” सुंदराने पुडी हिसकावली. तिची बोटे थरथरत होती. सुंदराचे लग्न मोहोपाड्याच्या भीमाबाईच्या मुलाशी ठरत होते. पोरगा रसायनीत कामाला होता. बघायला आली तेव्हा भीमाबाई सगळ्यांदेखत म्हणाली होती, “पोरगी दणकट हाय बाई, आमची खाट टिकंल का?” सगळे हसले होते. सुंदरा हसली नव्हती.

“परवा भीमाआत्या सुपारी घिऊन येणार. तोवरच खायच्या हायेत,” सुंदरा कुजबुजली. “कुणापाशी एक शब्द बोललीस तर आयची शपथ हाय तुला. आय मरंल, शकू.”

शकूने बहिणीच्या दंडाला हात लावला. कातडीखाली काहीतरी पळत होते. ससा पिंजऱ्यात धडका देतो तसे.

३

गुरुवारी दुपारी श्रीपतशेठच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हते. शेजारच्या फणसे डॉक्टरांच्या दवाखान्याला कुलूप होते.

“डॉक्टर गुरुवारी कर्जतला बसतात,” श्रीपतशेठ म्हणाले. गोल चेहऱ्याचे, घामाघूम झालेले गृहस्थ. “बाईसाहेब, चिठ्ठीशिवाय मी एक गोळी दिली असेल तर माझा परवाना काढून घ्या.”

“बायका येऊन काय मागतात?”

“बारीक व्हायची गोळी. मी म्हणतो, चिठ्ठी आणा. त्या शेजारी जातात, चिठ्ठी आणतात. त्यांना कुठून कळतं, ते मी कसं सांगू? मला वाटलं, आपापसांत बोलत असतील.”

“हा काटा कुणाचा?”

“माझा. म्हणजे शशिकांतनं आणून दिला. हा काय, इथेच आहे.”

बाकावर टाय लावलेला एक तरुण बसला होता. औषध कंपनीचा प्रतिनिधी. त्याने आपली चामड्याची बॅग जरा जास्तच घट्ट धरली होती.

“उघडा,” सुनीतीबाई म्हणाल्या.

बॅगेतून त्याच गोळ्यांची गुळगुळीत पत्रके निघाली. शकूला वाटले, सापडला! पण सुनीतीबाईंनी एक पत्रक वाचले आणि परत दिले.

“‘फक्त नोंदणीकृत डॉक्टरांच्या माहितीसाठी’ असं छापलंय. कुणाला देता?”

“डॉक्टरांनाच, मॅडम. पाकिटात घालून. महिन्यातून एकदाच या बाजूला येतो. लोकांना वाटली तर नोकरी जाईल.”

“डॉक्टरांना माहिती द्यायला परवानगी आहे. आणि काटा?”

“मुंबईत जुन्या बाजारात मिळाला. शेठना स्वस्तात दिला. तेव्हा त्याच्यात दिवाबिवा काही नव्हता.”

“दिव्याचं मी कुठे काही बोलले?”

शशिकांतच्या कपाळावर घाम आला. “ही... ही मुलगी मघाशी शेठना विचारत होती, दिवा कुठेय म्हणून.”

ते खरे होते. शकूने विचारले होते.

सुनीतीबाई पडद्याआड गेल्या. भिंतीला चिकटून, जमिनीत बोल्ट मारून पक्का केलेला काटा. तबकडीच्या वर काळी काच. त्या काट्यावर चढल्या. काटा फिरला, बाकी काही नाही.

“माझं वजन कमी पडत असेल. शकू, ये वर.”

शकू चढली. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. खाली ‘खट्’ वाजले.

काळी काच काळीच राहिली. उजेड नाही.

बाहेरून श्रीपतशेठचा आवाज आला, “लहान पोर आहे, बाईसाहेब. स्वप्न पडलं असेल.”

शकूच्या डोळ्यांत पाणी आले. “देवाशप्पथ लागला व्हता, बाई.”

सुनीतीबाईंनी मान वर केली. डोक्यावर दुकानाचा पंखा गरगरत होता. त्या बराच वेळ पंख्याकडेच पाहत राहिल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी भलतेच विचारले. “शेठ, तुमच्या नातवाच्या हाताला इतके काळे दोरे का बांधलेत?”

दुकानाच्या मागच्या दारात तीन-चार वर्षांचा पोरगा बसला होता. कमळ्या म्हणत त्याला. गुटगुटीत; पण गळ्यात ताईत, दोन्ही मनगटांवर दोरे, कपाळाला अंगारा.

श्रीपतशेठचा आवाज एकदम बसला. “काय सांगू! याची गूळतुला बोललो होतो गावदेवीला. इथेच, या काट्यावर वजन केलं. वीस किलो. वीस किलो गूळ घेतला. दुसऱ्या दिवशी देवळात तराजूच्या एका पारड्यात पोर बसवलं, दुसऱ्यात गूळ ठेवला, तर पोर एकदम वर! गूळ काढत गेलो, काढत गेलो... सहा किलो काढला तेव्हा पारडी समान झाली. एका रात्रीत सहा किलो गेलं हो माझं पोर! बायकोनं तिथेच हंबरडा फोडला. तेव्हापासून त्याला उंबऱ्याबाहेर सोडत नाही. देवऋषी झाला, उतारा झाला. आता तुम्हीच बघा, आणखी वाळलाय का?”

ते खरोखर रडत होते.

“पोराला काहीही झालेलं नाही,” सुनीतीबाई म्हणाल्या. “उद्या सांगेन. तोवर पडदा, काटा, कशालाच हात लावू नका.”

रस्त्यावर आल्यावर शकूने विचारले, “काटा आत्ताच का नाय उघडला, बाई?”

“उघडला असता तर दिवा सापडला असता, शकू. माणूस सापडला नसता.”

४

शुक्रवारी सकाळी दवाखाना उघडला. डॉ. फणसे पिकल्या केसांचे, मृदू बोलणारे. खालापूर तालुक्यातल्या निम्म्या पोरांना त्यांनी देवीची लस टोचली होती. शकू त्यांना लहानपणापासून ओळखत होती.

“या, सुनीती. तुझ्या वडिलांना मी चांगला ओळखायचो कर्जतला.” त्यांनी खुर्ची पुढे केली. “चंद्राबाईचं वाईट झालं. तिनं गोळी मागितली, मी लिहून दिली. बायका हल्ली ऐकत नाहीत.”

“छाती तपासली होती?”

“अर्थात.”

शकूने खाली पाहिले. चंद्रामावशीबरोबर ती इथेही आली होती. डॉक्टरांनी नळी गळ्यात अडकवलेलीच ठेवली होती; मावशीच्या छातीला लावली नव्हती. मावशी बसायच्या आतच चिठ्ठी लिहून झाली होती.

“बायकांना या गोळीचं कुठून कळतं, डॉक्टर?”

“मला काय ठाऊक? माझ्या दारावरची पाटी बघ, वीतभरसुद्धा नाही. उभ्या जन्मात मी एका ओळीची जाहिरात दिलेली नाही. शोध घ्यायचाच तर त्या शशिकांतचा घे. काटा त्यानं आणला.”

“तो पडद्याचा कोपरा कुणी सुचवला?”

“मी,” डॉक्टर शांतपणे म्हणाले. “बाजारात चारचौघांत काट्यावर चढायला आपल्या बायका लाजतात. आडोसा असला म्हणजे बरं. यात काही गुन्हा आहे का?”

“नाही. बरं, या गोळ्या कुणाकुणाला लिहून दिल्या, त्यांची नावं हवीत. त्यांना आजच्या आज थांबवायला हवं.”

“रोग्याचं गुपित मी फोडत नाही. तूही तसला आग्रह धरू नयेस.”

सुनीतीबाई उठल्या आणि बाहेर पडल्या. शकू त्यांच्या मागे निघाली, तोच डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने काचेच्या बरणीतली पेपरमिंटची गोळी पुढे केली.

“घे. आक्का औषध वेळेवर घेते ना?” ते अगदी हळू, मायेने विचारल्यासारखे बोलले. “बाईंना काही सांगितलं नाहीस, शहाणी आहेस. अशा गोष्टी बाहेर फुटल्या की लग्नं मोडतात, बाळ.”

शकूने गोळी घेतली नाही. ती पळत सुटली.

५

श्रीपतशेठच्या दुकानात सुनीतीबाईंनी सगळ्यांना बोलावले: शेठ, शशिकांत, डॉक्टर, पोलीस ठाण्याचा हवालदार नागू आणि बाजारातले दोन पंच. पडदा दोन्ही बाजूंना सारला.

“शकू, ये.”

कालच्यासारख्याच दोघी काट्यावर चढल्या. ‘खट्.’

काळी काच आतून पेटली. तांबड्या उजेडात अक्षरे उमटली आणि सगळ्यांनी ती वाचली:

‘वजन जादा! हृदयाला धोका! वजन उतरवणारी गोळी आता खोपोलीत. आजच विचारा.’

श्रीपतशेठ मटकन बाकावर बसले. “अगं आई! हे माझ्या दुकानात?”

सुनीतीबाई खाली उतरल्या. अक्षरे विझली, काच पुन्हा कोरी काळी. “जाहिरात होती. पण ती फक्त काट्यावरच्या बाईलाच दिसायची, आणि ती उभी असेल तोवरच. खाली उतरली की गायब. पडदा असल्यामुळे दुसऱ्या कुणाला दिसायची नाही, आणि वजनाचं कुणी बोलत नाही, म्हणून एकीचं दुसरीला कळायचं नाही. प्रत्येकीला वाटायचं, काट्यानं माझं एकटीचंच पाप ओळखलं.”

“मी आणला तेव्हा हे नव्हतं, मॅडम, खरंच!” शशिकांत ओरडला.

“ओरडू नका. आधी शेठचं बघू. शेठ, काटा सहा किलो जास्त दाखवतो. अंगानं बेताच्या बाईलाही तो जाड ठरवतो, मग दिवा लागतो. काटा खोटा आहे हे तुम्हाला माहीत असतं, तर सख्ख्या नातवाची तुला त्याच्यावर केली असती? आणि पारडं वर गेल्यावर देवऋषीकडे धावला असता? कमळ्या वाळलेला नाही, शेठ. तो कधी वीस किलो नव्हताच.”

श्रीपतशेठनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्यांच्या बोटांमधून हुंदका आणि हसू दोन्ही एकदम आले.

“म्हणजे हा,” नागू हवालदार शशिकांतकडे वळला.

“थांबा. काल गुरुवार होता. काल काटा ‘खट्’ वाजला, म्हणजे आतली कळ दाबली गेली. पण दिवा लागला नाही. दुकानात वीज होती, पंखा फिरत होता. मग दिव्याला वीज का नव्हती? विठाबाईंनी वजन केलं तो बेस्तरवार, म्हणजे तोही गुरुवारच. त्यांनाही दिवा दिसला नाही. चंद्राबाई सोमवारी आल्या, त्यांना दिसला. याचा अर्थ दिव्याची वीज या दुकानातली नाहीच. आणि ती जिथून येते, तिथे ती गुरुवारी बंद असते.”

बाहेर एक टेंपो भोंगा वाजवत गेला.

“नागू, शेजारच्या दवाखान्यात जा. दाराजवळ मेन स्विच आहे. बाहेरगावी जाताना डॉक्टर तो खाली ओढतात. काळजीपूर्वक वागणारे गृहस्थ आहेत. तो ओढ.”

सुनीतीबाई आणि शकू पुन्हा वर चढल्या. ‘खट्.’ तांबडी अक्षरे पेटली. भिंतीपलीकडे नागूची पावले वाजली, मग लोखंडी खटका.

अक्षरे विझली. डोक्यावरचा पंखा गरगरतच राहिला.

“काटा बसवायला मिस्त्री डॉक्टरांनीच पाठवला होता,” श्रीपतशेठ पुटपुटले. सगळ्यांनी डॉ. फणसेंकडे पाहिले. ते अजून शांत होते. फक्त त्यांच्या ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

“एका बल्बसाठी एवढं नाटक?” ते म्हणाले. “कायदा छापील जाहिरातीचा आहे, सुनीती. मी एक कागद छापलेला नाही.”

“कायदा करणारी माणसं तुमच्यापेक्षा लांबचं बघत होती, डॉक्टर. त्यात कागद आहे, लेबल आहे, वेष्टन आहे, तोंडी घोषणा आहे. आवाज आहे. धूरसुद्धा आहे, आकाशात धुरानं अक्षरं लिहिली तरी ती जाहिरात. आणि उजेडही आहे. शिवाय काट्यातून गोळी सुचवणारे तुम्ही, तीच लिहून देऊन चिठ्ठीमागे फी घेणारेही तुम्हीच. मग चंद्राबाईंची छाती तपासायला सवड कुठून मिळणार?”

डॉक्टर खाली बसले. पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

“नावं सांगा,” सुनीतीबाई म्हणाल्या. “आता तरी.”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. “मला पाठ नाहीत. पुष्कळ आहेत.”

पंच सह्या करायला पुढे आले. सुनीतीबाई शकूजवळ वाकल्या. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

“माणूस सापडला, शकू. पण गोळ्या अजून घराघरांत पेट्यांमध्ये आहेत. संध्याकाळी दवंडी पिटवीन. लाजेनं लपवलेली गोळी दवंडी ऐकून बाहेर येतेच असं नाही. जिचे हात थरथरतात, छाती धडधडते, झोप येत नाही, तिला आजच सरकारी दवाखान्यात न्यायला हवं. उद्या नाही. कुणी माहीत असेल तर—”

त्यांनी समोर पाहिले. शकू तिथे नव्हती.

६

चाळीच्या दाराशी अनोळखी चपला होत्या. भीमाबाई मोहोपाड्याहून सकाळच्या गाडीनेच आली होती. शकूचे वडील सखाराम भिंतीशी अवघडून बसले होते. सतरंजीवर भीमाबाई पाय पसरून बसली होती, समोर सुपारीचे ताट.

“ये गं धाकटे!” भीमाबाई म्हणाली. “कुठं उंडारतीस? तुझ्या आक्काचं लगीन ठरतंय आन् तू बाजारात!”

आतून सुंदरा चहा घेऊन आली. बशीवर कप खडखडत होते. तिने ओठ आवळून धरले होते. चार पावलांच्या वाटेत तिच्या कपाळावर घामाचे थेंब जमले.

भीमाबाईच्या कपाळाला आठी पडली. “अगं, ही किती वाळली! विठाबाई, खायला घालीत नाय का पोरीला? मी आपली मस्करी केली व्हती खाटंची. मला दणकटच सून पायजे बाई, आमच्याकडं कामाचा रगाडा हाय.”

सुंदराचे डोळे मोठे झाले. ती काहीतरी बोलणार, असे शकूला वाटले. पण तिने फक्त ताट खाली ठेवले.

“आजारी हायस काय गं?”

“नाय, आत्या. बरी हाय मी.”

सुंदराने शकूकडे पाहिले. त्या नजरेत विनवणी होती आणि धाकही होता. शकूने तोंड उघडले. चुलीपाशी आई पाठमोरी बसून लाकूड सारत होती, आईच्या मानेवर सुटलेल्या केसांची बट होती. आय मरंल, शकू. शकूचे तोंड मिटले. बोलावे तर आई, न बोलावे तर आक्का. चंद्रामावशीचा हंडा गटाराकडे गडगडत गेल्याचा आवाज तिला पुन्हा ऐकू आला.

“बरी हाय तर बस माझ्यापाशी,” भीमाबाई म्हणाली. सुंदरा बसली. बसताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

शकू चालत गेली आणि दोघींच्या मध्ये गुडघे टेकून बसली. ती एक अक्षरही बोलली नाही. तिने भीमाबाईचा जाडजूड, बांगड्यांनी भरलेला हात उचलला. भीमाबाई हसत म्हणाली, “काय गं, भविष्य बघतीस व्हय?” शकूने तो हात सुंदराच्या पदराखाली, डाव्या छातीवर नेऊन ठेवला.

भीमाबाईचे हसू तोंडावरच थिजले.

खोलीत कुणाला काही कळले नाही. सखाराम अर्धे उठले. सुंदरा हात बाजूला सारायला धडपडू लागली. “सोड, शकू! सोड म्हनते ना!”

“गप बस तू,” भीमाबाई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “अगं माझे बाई... हे काय पळतंय आत? सखारामदादा, टेंपो बघा कुणाचा तरी. पळा! सुपारी ऱ्हाऊ द्या तिकडं, आधी पोर वाचवा!”

सखाराम अनवाणीच धावले. विठाबाई हातातले लाकूड टाकून आली. सुंदरा आता रडत होती, आणि रडता रडता पोलक्यातली पुडी आपल्याच हाताने बाहेर काढत होती.

शकूने मात्र भीमाबाईचा हात सोडला नाही. टेंपोचा भोंगा दाराशी वाजेपर्यंत तिने तो आपल्या दोन्ही हातांनी, होता तिथेच, घट्ट दाबून धरून ठेवला.